शब्बीरच्या ओळी

साळूबाईनं हातात दिलेला मोबाईल सोनबानं पुन्हा उशाशी टाकला.

"अवो, सांगा की शब्बीरभावजींना. भोरवरनं यायचे बिचारे, न् हितं खाचरं दुसऱ्याच्या हाती."

"सांगतो."

सांगतो कसला! गुडघ्यानं दगा दिला म्हणून सोनबानं यंदा भाताची खाचरं शेजारच्या गोरखला वाट्यानं लावायला दिली होती. त्याचंही दुःख होतंच. पण भाताची आवणीच नाही, रोपं लावायचीच नाहीत, तर शब्बीर त्यांच्या गावी, गुंजवण्यात येणार कशाला? ही भीती त्याला जेवू देत नव्हती.

शब्बीर भोरचा बेकरीवाला. मिसरूड फुटायच्या वयात एकदा वेल्ह्याला निघाला, तर एसटी इथंच बंद पडली. बाकीची माणसं चालत सुटली, हा बांधावर आवणी बघत उभा. सोनबानं चिखलातनं हाक मारली, "ओ पावनं, बगताय काय? या की खाली!" मनात काय आलं कुणास ठाऊक, गड्यानं नवी विजार गुडघ्यावर चढवली आणि उतरला. त्यानंतर एक आवणी चुकवली नाही. सोनबाची आई गेली तेव्हा खांदाही दिला.

लावायचा मात्र भयंकर. ओळ म्हणून सरळ नाही, रोप म्हणून उभं नाही. तो संध्याकाळच्या एसटीनं गेला की साळूबाई पदर खोचून त्याच्या ओळी गुपचूप परत लावायची. नवराबायकोनं त्याला कधी पत्ता लागू दिला नाही.

दुपारी दर सालच्या नेमानं शब्बीर आलाच. खांद्याला खारीची पिशवी, विजार आधीच वर दुमडलेली. सोनबा पडवीतल्या खाटेवर सावरून बसला.

"यंदा आवणी न्हाई, शब्बीर. खाचरं गोरखनं लावली. तुला उगं खेप पडली."

शब्बीर समोरच्या खाचरातल्या गोरखच्या सरळ ओळींकडं बघत राहिला. मग वाकून त्यानं विजार खाली सोडली.

"बरं झालं. वैनींचा तरास वाचला. माजं लावल्यालं उपटून परत लावायचं, म्हंजे काय गंमत हाय?"

साळूबाईनं जीभ चावली.

"तुला ठावं हुतं?" सोनबा म्हणाला.

"पयल्या सालापासनं. एसटी वळणावर आली की खाचर दिसतंय की समदं."

"मग येत का ऱ्हायलास रं, येड्या?" सोनबानं विचारलं.

शब्बीर पडवीत चढला. सोनबाला जरा सरकवून खाटेवर टेकला आणि खारीची पिशवी साळूबाईपुढं धरली.

"वैनी, चा ठिवा. तुमाला परत लावायला उजेड गावावा म्हनून दर साली सांजच्या गाडीनं पळायचो. आज मुक्काम हाय."