नाव झाकणारी पट्टी

मी एक जुना स्कॅनर आहे. मित्रांनो, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात झाकण उघडण्या-मिटण्यातच माझी उमर गेली. माझ्या काचेवर डाव्या कोपऱ्यात एक बारीक ओरखडा आहे. मी उतरवलेल्या प्रत्येक पानावर तो उमटतो. पूर्वी मला त्याचा अभिमान होता.

माझं सगळ्यात मोठं काम म्हणजे काकांची वही. काका वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले निवृत्त मदतनीस. तीस वर्षं जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आवारातली झाडं चितारली. प्रत्येक पानाच्या तळाशी तारीख आणि नाव. वही डिजिटल ग्रंथालयात घालायच्या परवानगीपत्रावर त्यांनी लिहिलं, 'खुशाल बघा, अभ्यासाला घ्या. दुसरीकडे लावायचं तर विचारा. नाव तेवढं राहू द्या.' दोनशे बारा पानं मी डोळ्यांत तेल घालून उतरवली. ग्रंथपालबाईंनी त्या दिवशी माझी काच स्वतःच्या रुमालानं पुसली.

पुढे कुणीतरी शोध लावला. काकांचं चित्र साइटवरून छापून घ्यायचं, तळाच्या नावावर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवायची आणि माझ्याकडून पुन्हा स्कॅन करायचं. नाव गायब. काम झालं की पट्टी माझ्या झाकणात खोचून ठेवायची, पुढच्याची सोय म्हणून. विद्यार्थ्यांमध्ये एवढं सहकार्य मी दुसऱ्या कशातही पाहिलं नाही. भिंतीवर कॉपीराइटची सूचना होती. तिच्यावर कुणीतरी छत्री हरवल्याची सूचना चिकटवली होती.

आणि मी? वायर ढिली झाली म्हणून मी कितीदा तरी बंद पडलो आहे. त्या कामात एकदाही नाही.

मग वाचनकक्षात भित्तिपत्रकांचं प्रदर्शन भरलं. काका आले ते काखेत दुसरी वही घेऊन. पहिलं बक्षीस मिळालेल्या भित्तिपत्रकापाशी थांबले. त्यावर झाडाचं एक पान चितारलेलं होतं. शेजारी ते मिळवणारी मुलगी उभी होती.

"पान छान आलंय गं. हे भोक कसलं?"

"ते डिझाइन आहे, काका."

"अस्सं. मला वाटलं अळीनं खाल्लंय. अशाच एका अळीपायी मी दोन दिवस उपाशी बसलो होतो. तिचं जेवण होईना, मला पान तोडवेना."

मुलीनं मान खाली घातली. "ग्रंथालयाच्या साइटवर होतं. मला वाटलं, सगळ्यांचंच आहे."

"बघायला आहेच की, बाळ."

ते माझ्याकडे आले. नवी वही उतरवायला बाईंनी कौतुकानं झाकण उघडलं आणि पट्टी खाली पडली. काकांनी ती उचलली, नव्या वहीच्या एका पानाच्या तळाशी धरून पाहिली. नाव पुरतं झाकलं गेलं.

"मापाची कापलीय," ते म्हणाले आणि वही पुन्हा काखेत मारली.

मुलीनं बक्षीस परत केलं, स्वतःच्या हातानं चित्राखाली काकांचं नाव लिहिलं, त्यांच्या घरी जाऊन माफीही मागून आली. काकांनी तिला बसवून घेतलं म्हणे. नवी वही मात्र माझ्याकडे अजून आलेली नाही.

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण पान घ्याल तेव्हा त्याच्या तळापर्यंत घ्या, आणि लावायचं असेल तर आधी विचारा. त्या पट्टीखालून निघालेली पानं आजही कुठे कुठे लागलेली आहेत. त्यांवर काकांचं नाव नाही. डाव्या कोपऱ्यात माझा ओरखडा मात्र स्पष्ट दिसतो.