न दिलेला घाट

"आणि हे एस कशाला असतं?"

वैनींनी गिअरच्या दांड्याजवळच्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं. गिरणीच्या मागच्या मोकळ्या आवारात गाडी उभी होती आणि चांगो शेजारच्या सीटवर अंग चोरून बसला होता. आजवर जिथे तो बसायचा तिथे आता गिरणीच्या शेटची सून बसली होती, आणि तिला शिकवायचं काम त्याच्याच गळ्यात आलं होतं. आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घ्यायचा आणि वर तो नीट पडला का हेही आपणच बघायचं, असला प्रकार.

"ते शर्यतीचं हाय," तो म्हणाला. "स्पोर्ट म्हणत्यात त्याला. हात नका लावू, वैनी. गाडी हाताबाहेर जाईल."

"बरं," म्हणून वैनींनी दांडा डीवर ओढला. गाडी निमूट चालू लागली.

चांगो धडधडीत खोटं बोलला होता. ही जर्मन गाडी शेटने मुंबईच्या कुणा परदेशी साहेबाकडून जुनी घेतली, तेव्हा गाडी पोचवायला आलेल्या मिस्त्रीने त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. गाडी आपले गिअर आपणच बदलते. पण दांडा एसवर ठेवला तर ती वरच्या गिअरात जात नाही. चढाला दम राहतो, आणि उताराला इंजिनच गाडी धरून ठेवतं. काही लोक त्याला स्पोर्ट म्हणतात, म्हणू देत, पण घाटात त्याच्याशिवाय उतरू नका, असं तो बजावून गेला होता.

पहिले काही दिवस चांगोने त्या गाडीला मनसोक्त शिव्या दिल्या. जन्मभर ट्रक हाकलेला त्याचा डावा पाय नसलेला क्लच शोधायचा, ब्रेकवर पडायचा आणि मागे बसलेल्या शेटचं कपाळ पुढच्या सीटवर आपटायचं. हाताला काम नाही, पायाला काम नाही, नुसतं देवळातल्या नंदीसारखं समोर बघत बसायचं. पण बोरघाटात त्याने पहिल्यांदा दांडा एसवर ओढला, इंजिनाचा आवाज भरला, आणि गाडी त्याच्या हाताला लागली. ही पण शेवटी गाडीच आहे, असं त्याला वाटलं. त्या दिवसापासून ती त्याची झाली.

आणि मग शेट म्हणाले, "चांगो, ह्या गाडीला ड्रायव्हर कशाला पायजे रं? पाय दाबला की चालते. सूनबाईला शिकव. तू आता गिरणीच्या फाटकावर बस. वय झालं तुझं."

पाय दाबला की चालते. हे वाक्य चांगोच्या डोक्यात माशीसारखं घोंगावत राहिलं. खोपोली-खालापूरच्या ट्रकवाल्यांत एक रीत होती. उस्ताद क्लिनरला गाडी धुवायला लावील, सपाटीला चालवायला देईल, टायर बदलायला शिकवील, पण घाट शेवटी. घाट देणं म्हणजे उतार कसा धरायचा ते सांगणं. क्लिनरने नारळ आणायचा, घाटाच्या पायथ्याशी फोडायचा, मगच उस्ताद तोंड उघडणार. चांगो कित्येक वर्षं उस्तादाची भांडी घासत होता, तेव्हा कुठे त्याला घाट मिळाला. आणि ही कालची पोर डोळ्यांवर गॉगल चढवून विचारते, हे एस कशाला असतं? नाही देणार जा. चालवा पाय दाबून.

वैनी पंधरवड्यात शिकल्या. लायसनही झालं. चांगो फाटकावरच्या स्टुलावर बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसू लागला.

शनिवारी दुपारी आवडी शेटचा डबा घेऊन गिरणीवर आली. ती शेटच्या घरी स्वयंपाकाला होती, आणि घरातली बातमी डब्याआधी पोचवायची तिची पद्धत.

"वैनी गेल्या ना लोनावल्याला," ती म्हणाली. "ठकीच्या शाळंला सुट्टी लागली. आनायला गेल्या, एकट्याच. शेट नको म्हनत व्हतं, पन ऐकतंय कोन."

"घाटातनं?"

"मग काय इमानानं?"

आधी चांगोला बरंच वाटलं. कळू दे. पाय दाबला की गाडी चालते, पण बोरघाटात नुसता पाय दाबून ती थांबत नाही, हेही कळू दे एकदा. त्याने बिडी काढली. मग त्याला आठवलं, की येताना गाडीत ठकी, शेटची नात, असणार. शाळेच्या वसतिगृहात सोडून निघताना ती पोर दारातून शेवटपर्यंत हात हलवायची, शेटला नव्हे, चांगोला. त्याने बिडी न पेटवताच फेकली.

अलीचा ट्रक तांदळाची पोती भरून पुण्याला निघत होता. चांगो फाटक तसंच उघडं टाकून केबिनमध्ये चढला.

"कुठं रं?" अलीने विचारलं. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले होते.

"घाटात. जोरात घे."

"पोती हायत मागं, वरात नाय. झालं काय?"

चांगोने सांगितलं. अलीने ट्रक खोपोलीबाहेर काढला. पहिला चढ लागल्यावर त्याने गिअर टाकला आणि म्हणाला, "आपल्या उस्तादानं घाट नाय दिला, तवा गाडी पन नाय दिली खाली आनायला. तू गाडी दिलीस आनि घाट नाय दिलास."

"मी दिली? शेटनं दिली."

"शिकवली कोनी?"

"गप बस रं, अली," चांगो ओरडला. त्याला अलीचा राग आला, शेटचा आला, समोर रांगत चाललेल्या टँकरचा आला. वरून येणारी प्रत्येक गाडी तो डोळे फाडून बघत होता. ट्रक इतका सावकाश चढत होता, की उतरून पळत जावं असं त्याला वाटत होतं.

अर्ध्या घाटात एका वळणाच्या वर ती गाडी दिसली. डावीकडची चाकं डोंगराकडच्या गटारात गेली होती आणि मडगार्ड कातळाला घासून चेपलं होतं. पुढच्या चाकांतून धूर येत होता. जळक्या ब्रेकचा वास रस्ताभर पसरला होता. ठकी एका दगडावर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. वैनी बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला वाकल्या होत्या.

"पानी नको!" चांगो ट्रकमधून उडी टाकत ओरडला. "तापलंय ते. तडकंल."

वैनी उभ्या राहिल्या. "ब्रेक लागेनात," त्या म्हणाल्या. "दाबतेय, दाबतेय, पाय नुसता आत चाललाय. मग हँडब्रेक ओढला आणि डोंगरावर घातली."

डोंगरावर घातली. दुसऱ्या बाजूला दरी होती. पट्टीच्या ड्रायव्हरला त्या घडीला जे सुचत नाही ते हिला सुचलं, हे चांगोला कळलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"एसमधी टाकून उतरायचं असतं, वैनी."

"ते शर्यतीचं आहे ना?"

"नाय. उताराचं हाय. मी खोटं बोललो."

"विसरलात?"

"विसरलो नाय. मुद्दाम सांगितलं तसं."

वैनींनी बाटलीचं झाकण लावलं. ते नीट बसेना. "का?"

"फाटकावर बसवलंत मला."

"मी बसवलं?" त्या आता मोठ्याने बोलू लागल्या. "मला कुणी विचारलं होतं? मला एवढंच सांगितलं, की शिक. माझा राग होता तर माझ्या तोंडावर बोलायचं. माझी मुलगी होती गाडीत, चांगो."

चांगो ठकीकडे बघू शकला नाही. तो जाऊन गटारात उतरला आणि गाडीला खांदा लावला. अलीने आणि वाटेत थांबलेल्या दोघातिघांनी हात लावला, गाडी बाहेर आली. चाकं निवेपर्यंत सगळे थांबले. मग अली ट्रक घेऊन पुढे गेला. चांगोने ब्रेक दाबून पाहिला; पायाला पुन्हा जोर लागत होता. तो सवयीने स्टिअरिंगवर बसणार, तोच वैनी म्हणाल्या, "मागे बसा."

तो मागे बसला. वैनींनी दांडा एसवर ओढला. इंजिन घुमलं, गाडी आवरली.

"आता ब्रेकवर पाय नाय," चांगो मागून म्हणाला. "वळनाच्या आदी दाबा. सोडा. दाबून धरायचं नाय, तापतंय. वरनं येनारा मागं लागला तर लागू दे. भोंगा वाजवील, वाजवू दे. आपला घाट आपल्या चालीनं." नारळ नाही, काही नाही. त्याने पायथ्यापर्यंत सगळा घाट देऊन टाकला. वैनी सांगितलेलं जसंच्या तसं करत होत्या.

गिरणीवर शेट फाटकाशीच उभे होते. त्यांनी आधी नातीला जवळ घेतलं, मग मडगार्ड पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं.

"तरी सांगत व्हतो. बायांच्या हातात गाडी म्हंजे असंच व्हनार. बास झाली हौस." त्यांनी वैनींच्या हातातून चावी घेतली आणि चांगोच्या हातावर ठेवली. "उद्यापासनं तूच चालव रं. फाटकाला दुसरा बघतो."

चावी हातात होती. महिनाभर रात्रंदिवस हवं होतं ते एवढ्या सहज हातावर आलं होतं. चांगोने वैनींकडे पाहिलं. त्या काहीच सांगणार नव्हत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्या ठकीच्या फ्रॉकवरची माती झटकत होत्या आणि मान वर करत नव्हत्या. त्यांनी चुगली केली असती तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.

"शेट, वैनींची चूक नाय," चांगो म्हणाला. "उताराला गाडी कशी धरायची ते मी चुकीचं सांगितलं व्हतं. जानूनबुजून. त्यांनी डोंगरावर घातली म्हनून पोर हातीपायी धड हाय. माझ्यानं पन त्याहून बरी थांबली नसती." आणि त्याने चावी बॉनेटवर ठेवली.

शेटना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. शेवटी म्हणाले, "फाटकावर पन नको मला तू." चांगोने सायकल काढली.

"खरं बोलाया तुमाला हाच दिवस सापडला?" घरी त्याची बायको जनी म्हणाली. ती पुढचे कित्येक दिवस त्याच्याशी धड बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. अलीने ओळखीच्या ट्रकमालकांना विचारलं. पण घाटातली गोष्ट ट्रकच्या आधी घाट उतरते. चांगोला कुणी गाडी दिली नाही.

चांगोचं घर खोपोलीच्या बाहेर, घाटाच्या पायथ्यालाच. सुट्टी संपली त्या सकाळी तो ओट्यावर बसला होता. जनी सुपात तांदूळ निवडत होती. खालून एक आवाज आला आणि चांगोने मान वर केली. त्या आवाजाची गाडी पंचक्रोशीत एकच होती. ती दारावरून गेली; स्टिअरिंगवर वैनी होत्या. मागच्या काचेतून एक छोटा हात हलला. चांगोचा हात मांडीवरून उठला नाही.

गाडी पुढच्या चढाला लागली. चढ सुरू झाल्यावर जरा वेळाने आवाज बदलला, भरला, आणि तसाच एकसारखा वर चढत गेला.

"एस टाकला," जनी विचारत नसताना तो म्हणाला.

जनीने सूप पाखडलं.

"उशीर केला जरा," चांगो रागाने म्हणाला. "त्या आंब्यापाशी टाकायला पायजे व्हता. आंब्यापाशी." आणि आवाज पार डोंगराआड जाईपर्यंत तो तिकडे कान देऊन बसून राहिला.