उशीचा अभ्रा

"काळा धूर की निळा?" मी विचारलं.

"धूर तो धूर. त्यात रंग कसला बघायचा?" ड्रायव्हरकाका वैतागले. "चढाला लागली की गाडी मान टाकते. दुपारी भंगारवाला येतोय. इंजिन गेलं असेल तर तसं सांगून टाका, म्हणजे मी मोकळा."

तोंडाने मोकळा म्हणत होते, पण बॉनेटवरचा हात काही उचलत नव्हते. पंचवीस वर्षं एकच ट्रक चालवलेला माणूस. आणि मी पडलो हट्टी मेकॅनिक. कारण कळल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. बायको याला खोड म्हणते.

धूर काळाकुट्ट होता. म्हणजे डिझेल भरपूर, हवा कमी. एअर फिल्टर उघडला आणि चक्रावलोच.

"हा कधी बदललात?"

"झालं असेल वर्ष."

वर्षभराचा फिल्टर, गाडी खडीच्या खाणीवर चालणारी, आणि आत धुळीचा कण नाही? मग धूळ जाते कुठे? मला आता राहवेना. फिल्टरला येणारा पाइप सोडवला आणि इंजिन रेस केलं. धूर गायब, आवाज खणखणीत! म्हणजे हवा वरच कुठेतरी अडत होती. मी केबिनच्या मागे चढलो.

पाइपच्या तोंडावर उशीचा अभ्रा नाडीने बांधलेला होता. धूळ बसून पुठ्ठ्यासारखा कडक झालेला. एका कोपऱ्यात निळं फूल जेमतेम दिसत होतं.

"काका, हा उद्योग कुणाचा?"

काका वर आले आणि बघतच राहिले.

"आमच्या घरातला आहे," ते म्हणाले. "बायको फेरीला सोबत यायची. दर रविवारी मला चहाला पुढे पाठवायची. 'तुम्ही व्हा पुढे, मी आलेच.' मला वाटायचं, केस विंचरत असेल."

"धुतलेला बांधत असणार. मग हल्लीच का तुंबला..."

"आठ महिने झाले तिला जाऊन."

मी जीभ चावली. इंजिन ठणठणीत आहे, एवढंच कसंबसं बोललो आणि नाडी कापायला सुरी काढली.

"कापू नका!" काका ओरडलेच.

मग ते नखांनी गाठ सोडवायला बसले. तिने तीन फेरे देऊन आवळलेली गाठ. खाली सीटवर फोन वाजायला लागला, भंगारवालाच असणार. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला.

"उचलू का?" मी विचारलं.

"थांबा हो जरा," मान वर न करता काका म्हणाले. "सुटतेय."