खारबांधावरची रांग

अरे, आदी ऐकून तर घ्या! हसताव काय? तुमी त्या दिसी खारबांधावर नव्हताव. मी व्हतो. बापसाच्या बाजूलाच उबा.

पयलं झालं काय, पनवेलला धर्मराज मास्तराच्या पडवीत आमी पाच पोरं दर रविवारी जायचो. मी, वेणू, भामा, विठू नि शिवा. गेलो ते पेटी ऐकायला. मास्तर किरिस्ताव, पन बोलायला गोड. एका रविवारी बोलला, "देवाफुडं चूक कबूल केलीत, बरं केलंत. पन ज्याचं घेतलंय त्याच्या दारात जावा." भामा रडाय लागली, मंग विठू. माज्या छातीत तर उधानाचं पानी आपटत व्हतं. आतून कोन हाक मारतंय, असंच वाटलं. देवाशपत, थट्टा करू नका!

तसाच धावत गावात आलो नि तुळशीरामकाकाच्या दारात. बोललो, "काका, आमी तुमच्या शेताचा बांध कोरलाय. दोन हात. मी नि बाबांनी. माफ करा."

आता कळतंय, सांगाया गेलो माजं पाप नि सांगून आलो बापसाचं. पन तवा डोक्यात नुसता उजेड!

बापूस बळीराम, आडदांड गडी. गोठ्यात खुंटाला बांधून हानला मला. "बापाला इचारलास? गावात तोंड काडाय जागा नाय ठेवली माजी!"

गावानं बापसाला हसाय पायजे व्हतं ना? नाय! गाव घाबरला. आज बळीरामाचा पोऱ्या बोलला, उद्या कोनाचा? गोदूबाई भामाच्या आयसला बोलली, "तुजी पोरगी माज्या दारावरून न्यायची नाय. काय काय बगितलंय तिनं, कोन जाने!" दुसऱ्या दिसी गावकी बसली. पाचय पोरं वाळीत. यांच्या हातून पानी नाय, इस्तव नाय, काय म्हंजे काय घ्यायचं नाय. जेवान दाराभायेर.

"बाटगी कार्टी!" करून पोरं दगड मारायची. भामा डोळे मिटून त्यांच्यासाठी देवाला इनवायची. मी मातुर कोन कोन मारतंय ते ध्यानात ठेवायचो. खोटं कशाला बोलू?

मंग अवसेचं उधान आलं. भर दुपारी खाडी अडवनारा खारबांध फुटला, मोठी खांड पडली. खारं पानी भातात शिरलं तर तीन वरसं दाना नाय. रीत अशी, सगळ्यांनी रांगेत उबं रायाचं नि चिखलाचं ढेकूळ हातोहात खांडीपर्यंत न्यायचं. निम्मी मानसं बाजाराला गेलेली, रांग पुरंना. मधीच मोकळी जागा. आमी पाच जन घुसलो. माज्या फुडं कोन? बापूस!

मी ढेकूळ फुडं केलं. त्यानं हात मागं घेतला. ढेकूळ पचकन पडलं, गेलं वाहून. दुसरं केलं, तेबी गेलं. मागनं आरडाओरड, "वाळीतली हायत! घेऊ नको रं!"

खांडीत छातीभर पान्यात तुळशीरामकाका, पानी अडवाया लावलेल्या फळीला पाठ लावून. तो बोंबलला, "बळ्या, माती दे! का माजं शेत आजून खायाचं बाकी हाय?"

बापसाचं तोंड असं झालं, जशी थोबाडीत बसली. गर्रकन वळला, माज्या हातातनं ढेकूळ हिसकलं.

"चिखल गावाचा हाय," बोलला. "तुजा नाय."

मंग दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. ओहोटी लागंपर्यंत सगळी माती आमच्या पाचांच्या हातातनं गेली, नि कोनी हात मागं घेतला नाय.

खांड बुजली. तुमाला वाटंल, गावानं जवळ घेतलं? हॅट! गोदूबाई आमच्याकडं बगून थुकली. वाळीत ती वाळीतच.

सांजच्याला भाकर दाराभायेरच. खात व्हतो, तर बापूस उंबऱ्यात येऊन उबा. माज्याकडं बगलंच नाय. खाडीकडं तोंड करून बोलला, "उद्या सकाळी तुळशीरामाचा बांध मागं घ्यायचाय. फावडं घेऊन ये."

मंग जाता जाता, "तोंड घरी ठेव."