खोकल्यापुरती शांतता

गोळीचा कागद खिशाच्या अस्तराला चिकटला होता. चंदेरी, एका टोकाने जरासा उलगडलेला... आवाज होणार नाही इतपत तिने तो बोटाने दाबला आणि सोडून दिला. खोकल्याची गोळी. पंचवीस दिवस जाकिटात पडून आहे. फेकून द्यायला हवी असं तिला रोज वाटतं. म्हणजे वाटतं असंही नाही, नुसतं लक्षात येतं.

"बाई, आणखी एकदा घेऊ या का? शेवटची ओळ फक्त." काचेपलीकडे बसलेल्या ध्वनिमुद्रकाचा आवाज स्पीकरमधून आला.

घेतली. डोक्यावर मुकुट नाही, अंगात लोकरी जाकीट, पायांत नुसते मोजे, कारण बुटांची कुरकुर माइकला ऐकू जाते — अशा थाटात राणी पाचव्यांदा वधाच्या चौथऱ्याकडे निघाली, तिने शत्रूंना क्षमा केली, वरचा सूर धरला, सोडला. सूर जागच्या जागी होता. तीन ऑपेरा, तीन राण्या, एकच गळा. पहिल्या दोघींचं उरकलं, ही तिसरी आज संपवायची, उद्यापासून सभागृह दुसऱ्या कुणाचं.

सगळे पुतळ्यासारखे बसून राहिले. तोंड मिटलं तरी सूर चार-पाच सेकंद सभागृहात फिरत असतो आणि तो विझेपर्यंत मुद्रण चालू असतं, हे साठच्या साठ वादकांना ठाऊक आहे. आईला ठाऊक नव्हतं. जन्मभर नाटक कंपनीत राण्यांचे झगे शिवले तिने, पण तिच्या लेखी गाणारीचं तोंड मिटलं की गाणं संपलं.

पंचवीस दिवसांपूर्वी, याच राणीच्या मुद्रणाला, आई मागच्या रांगेत बसली होती. सुरू होण्याआधी तिने खुणेनेच गोळी मागितली, आणि मी म्हटलं, "थांब ना आई, कागद वाजेल." थांबली. अकरा मिनिटं. ओठांत टाचण्या धरून शिवायची सवय, तोंड बंद ठेवणं तिला नवं नव्हतं... मी शेवटचा सूर सोडला, तो विझत आला, आणि तिने एकदाच, बेताने, हातरुमालात —

परतताना गाडीत मी म्हटलं, "अकरा मिनिटं धरलंस, आणखी दोन सेकंद धरवलं नाही तुला?"

"अगं, तुझं तोंड मिटलं," आई म्हणाली, "मला वाटलं, झालं."

आईच्या छातीत पाणी झालं होतं. कळलं तेव्हा चार दिवस उरले होते. आज तिला जाऊन सतरा दिवस झाले आणि हिच्या, म्हणजे माझ्या, डोळ्यांतून टिपूस नाही. मामा म्हणाला, "रडून घे गं, मोकळी हो." ती मान डोलावून त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेली. राण्यांसाठी ती सुरात, मोजून, हवं तेव्हा रडू शकते. घरी काहीच येत नाही.

ध्वनिमुद्रक स्वतः बाहेर आला, म्हणजे गोष्ट नाजूक होती. "खरं सांगू का, बाई? आज सगळं बरोबर आहे, पण..." त्याने हात नुसता हवेत फिरवला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्याला तोंडाने म्हणायचं नव्हतं. "मागच्या वेळचाच घेऊ. तो काही वेगळाच लागला होता. शेवटी कुणीतरी खोकलंय, तेवढं काढून टाकतो."

"काढता येतं?"

"न यायला काय झालं? मिनिटभर इथली शांतता मुद्रित करायची आणि खोकल्याच्या जागी बसवायची. कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही."

कुणीतरी. ती माझी आई होती, एवढे चार शब्द म्हणायचे होते. "काढा," ती म्हणाली, आणि आवाज अजिबात हलला नाही. याची मला लाज वाटली.

लाल दिवा लागला. वाद्यं मांडीवर ठेवून साठ माणसं गप्प बसली. मागच्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. रिकामी खुर्ची माइकला ऐकू येते का, कोण जाणे. दहा सेकंद, वीस... घशात खोलवर काहीतरी खवखवलं. तिने ओठ घट्ट मिटले. खवखव वर सरकली. अकरा मिनिटं आई अशी बसली होती — हे मला ठाऊक होतं, पण घशाला आत्ता कळत होतं. डोळे भरून आले. खवखवीनेच, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. दिवा अजून लाल होता. बोटं खिशातल्या कागदावर होती, आणि धरून ठेवायचं की खोकायचं, ते मला ठरवता येईना.