एक्केचाळिसावा काप

गुनवोर श्वास रोखून बसली होती. हे तिचं रोजचंच. श्वास सोडला की अख्खी सकाळ वाया जावी, अशा कामात तिनं बावीस वर्षं काढली होती.

काम सांगायला सोपं. यीस्टची एक पेशी, जी मुळात डोळ्यांना दिसतच नाही, ती राळेच्या ठोकळ्यात बसवायची आणि काचेच्या सुरीनं तिचे सत्तर काप काढायचे. काप सुरीमागच्या पाण्यावर एकाला एक चिकटून तरंगत येतात. त्यांना हलवायला चिमटा चालत नाही; काडीला चिकटवलेला पापणीचा एक केस लागतो. तो केस गुनवोरच्याच पापणीचा होता. संस्थेसाठी माणसानं आणखी काय उपटून द्यायचं!

आणि काप काढणारं यंत्र मध्ये थांबवायचं नाही. थांबवलं की पुढचा काप जाड येतो, आणि मग ती सगळी पट्टी केराच्या टोपलीत.

अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. घड्याळात साडेनऊ वाजून गेले होते, पण तिनं वर पाहिलं नाही.

दारावर धडधड झाली. "गुनवोर! कॉफी!"

ती दचकली. तोंडातून "हा!" निघालं, तेवढी फुंकर पुरली. एक्केचाळिसावा काप चुरगळून सुरीखाली गेला.

"येतेय!" ती तोंड फिरवून ओरडली आणि ओठ आवळून बेचाळिसावा काढायला लागली. रडायलासुद्धा हात थांबवता येत नव्हता.

दाराबाहेर प्रोफेसर थुरेसॉन होते. आज वेलदोड्याचे बन करायची पाळी गुनवोरची होती, आणि ज्याची पाळी तो येऊन बसल्याशिवाय बनला कुणी हात लावायचा नाही, हा संस्थेचा नियम. चौदा माणसं बनांकडे बघत बसली होती. उप्सालामध्ये माणूस एक वेळ व्याख्यान चुकवील, साडेनऊची कॉफी चुकवणार नाही. चुकवली की म्हणणार, बाईला शिंगं फुटली.

एवढा आटापिटा कशासाठी, तर तंतुकणिकांसाठी. पेशीच्या या चुली. खाल्लेल्या साखरेची ताकद तिथं होते. थुरेसॉननी आपल्या पाठ्यपुस्तकात चित्र काढलं होतं: यीस्टच्या एका पेशीत तीस तंतुकणिका, घेवड्याच्या दाण्यांसारख्या सुट्ट्या सुट्ट्या. अख्ख्या स्वीडनची पोरं ते चित्र पाठ करून पास होत होती. गुनवोरला मात्र काप बघता बघता दिसायला लागलं होतं की हे दाणे सुट्टे नाहीत. या कापातले दोन पुढच्या कापात एक होतात, मग पुन्हा फाटे फुटतात.

"हातमोजा आडवा कापला तर पाच गोल दिसतात," तिनं एकदा धीर करून सांगितलं होतं. "म्हणून काय हातमोजे पाच? मला वाटतं पेशीत चूल एकच आहे, फांद्या फुटलेली."

थुरेसॉन हसले होते. "गुनवोर, तू काप. मोजायचं माझ्याकडे सोड."

तीन वर्षांपूर्वी सगळ्या देशानं ठरवलं होतं की आता सगळ्यांनी सगळ्यांना 'तू' म्हणायचं. थुरेसॉनना ते लगेच जमलं. गुनवोरच्या तोंडून अजून त्यांच्यासमोरच "प्रोफेसरांना साखर हवी का?" असंच यायचं. पुढच्या शुक्रवारी ती निवृत्त होणार होती. त्याआधी एकदा, फक्त एकदा, तिला सलग सत्तर काप हवे होते.

मायकेननं, सूक्ष्मदर्शकातून फोटो काढणाऱ्या पोरीनं, बिचारीनं शनिवारी येऊन फोटो काढून दिले. गुनवोरनं प्रत्येक फोटोतले तंतुकणिकांचे डाग पुठ्ठ्यावर उतरवले, कापले आणि जागच्या जागी एकावर एक चिकटवले. रविवारी संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन तुकडे उभे होते. मध्ये भोक, एक्केचाळिसाव्या कापाचं.

सोमवारी कॉफीला तिनं ते दोन तुकडे सगळ्यांसमोर ठेवले.

थुरेसॉननी ते फिरवून पाहिले. "दोन झाले ना? मग तुझं 'एकच' गेलं. आणि दोन होऊ शकतात, तर तीस का नाही?"

"एक कापच नाही मधला! तिथंच जोड आहे!"

"असेल. नसेल. जे हातात नाही त्याचं चित्र मी पुस्तकात घालू?" त्यांनी बन मोडला. "आणि हे बघ, इतक्या वर्षांचा तुझा हात. नेमका तोच काप कसा गेला?"

गुनवोरची कानशिलं तापली. गप्प बसायची तिला बावीस वर्षांची सवय होती, पण आता तिडीकच गेली डोक्यात. तिनं खिशातली वही काढून त्यांच्या बशीवर आपटली.

"वाचा! एक्केचाळीस, नऊ वाजून बत्तीस मिनिटं. दारावर कोण होतं?"

मायकेननं कपात तोंड खुपसलं.

"पण..." थुरेसॉन म्हणाले, "बन तुझे होते."

"आग लागो त्या बनांना!"

थुरेसॉननी वहीतल्या त्या ओळीवरून बोट फिरवलं. माणूस हट्टी होता, पण लबाड नव्हता. ते उठले, आपली खुर्ची उचलली आणि तिच्या खोलीच्या दाराबाहेर नेऊन ठेवली. "आत जा. दुसरी पेशी घे. बघतो कोण दार वाजवतं ते."

ती आत गेली. बाहेर एकदा कुणाची तरी पावलं वाजली आणि थुरेसॉनचं खेकसणं ऐकू आलं, "चपला काढ!" बाकी चिडीचूप. चाळीस. एक्केचाळीस. पट्टी पाण्यावर सरळ तरंगत राहिली. बेचाळीस. सत्तराव्याला तिनं मोठ्ठा श्वास सोडला, आणि काही बिघडलं नाही.

बुधवारी फोटो आले. ते मोजायला थुरेसॉन पेन्सील घेऊन तिच्या खोलीत आले. गुनवोरनं पेन्सील काढून घेतली आणि हातात कात्री दिली.

"तू काप," ती म्हणाली. "मोजायचं माझ्याकडे सोड."

थुरेसॉनच्या भुवया वर गेल्या. पण बसला बापडा. दोन दिवस कापत होता, जीभ दातात धरून, अगदी वेडंवाकडं. "हे काय, कान कापलास की त्याचा," असं ती ओरडली की तो निमूट दुसरा पुठ्ठा घ्यायचा. अधांतरी तुकड्यांना काड्यापेटीच्या काड्यांचे टेकू लावत लावत ते सत्तरीला पोचले तेव्हा शुक्रवार उजाडला होता, आणि बाहेर तिच्या निरोपाचा केक मांडून लोक ताटकळत होते.

तिनं एकेक टेकू काढून घेतला. मग एका फांदीला धरून ते वेडंविद्रं झाड उचललं. सगळंच्या सगळं वर आलं. टेबलावर पुठ्ठ्याचा कपटासुद्धा राहिला नाही.

"एक," गुनवोर म्हणाली.

थुरेसॉननी टेबलाकडे पाहिलं. वाकून टेबलाखालीही पाहिलं. "मग बाकीच्या एकोणतीस कुठं गेल्या?"

"तुझ्या पुस्तकात," ती म्हणाली, आणि प्रयोगशाळेचा कोट काढून कॉफीला गेली.