आड आलेली नळी

नवी नळी सुतासारखी सरळ गेली आणि तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

या कारखान्यात सरळ असं काही जातच नव्हतं. तीस वर्षांत ज्याला जिथे फट सापडली तिथून त्याने आपली नळी घुसवली होती, आणि त्या सगळ्या गुंत्याचं हुबेहूब चित्र तिच्या पडद्यावर होतं. टाक्या, पंप, झडपा, शिड्या, बोटाएवढ्या नळ्या, पिंपाएवढ्या नळ्या. चित्र चारही बाजूंनी फिरवता येई, आत शिरता येई, एखादी वस्तू उचलून दुसरीकडे ठेवता येई. सगळे त्याला मॉडेल म्हणत. त्यात बदल करायचे आणि खाली काम करणाऱ्यांना त्यावरून कागदी नकाशे काढून द्यायचे, हे तिचं काम. नवी नळी टाकली की ती कशाला तरी धडकणारच. धडकली की कॉम्प्युटर ती जागा लाल करणार, मग हिने नळी चार बोटं वर घ्यायची, की लगेच दुसरीकडे लाल. दिवसभर हेच.

आज मात्र शीतगृहाच्या मागच्या भिंतीलगत तिने नळी टाकली आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बिनबोभाट गेली. लाल ठिपकासुद्धा नाही.

ती चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबली. काल याच भिंतीपाशी काहीतरी सारखं आड येत होतं, एवढं तिला पक्कं आठवत होतं. काय बरं?

आठवलं, आणि तिने कप तसाच खाली ठेवला.

भिंतीलगत थंड पाण्याची एक जुनी जाड नळी होती. ती आता रिकामी, आज कापून काढायची, म्हणून मॉडेलमधून तिने सकाळीच काढून टाकली होती. पण तिच्या पाठीला चिकटून एक बारीक नळी जात होती, विषारी अमोनियाची, आणि ती मुळीच रिकामी नव्हती. सगळं शीतगृह तिच्यावर चालत होतं. दोघींवर मिळून एकच जाड आवरण आणि वरून पत्रा, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला एकच लठ्ठ नळी दिसे. काल नकाशा काढताना ती बारीक नळी जाड नळीच्या क्रमांकावर येत होती. क्रमांक धड वाचता येईना. तिने बारीक नळी निवडली आणि ‘लपवा’ दाबलं. नळी गेली, क्रमांक झकास दिसला, नकाशा छापला गेला. जे लपवलं ते कॉम्प्युटरही मोजत नाही. डोळ्याआड सृष्टी!

लपवायला तशी हरकत नव्हती. त्या एकाच मॉडेलवर काम करणारे खोलीतले सहाही जण लपवत. रीत एवढीच की लपवलेल्या प्रत्येक वस्तूची पिवळी चिठ्ठी स्वतःच्या पडद्याच्या कडेला लावायची आणि वस्तू परत दिसायला लागली की मगच काढायची. काल तिने चिठ्ठी लिहायला पेन उचललं, तेवढ्यात साहेब दारात उभे. “झाला का नकाशा?” “झालाच की.” पेन खाली, नकाशा साहेबांच्या हातात.

आणि तो नकाशा घेऊन आज करवत चालवणारे मिस्त्री म्हणजे तिचे सख्खे सासरे.

मिस्त्रींची एक जुनी खोड होती. कुठलीही नळी कापण्याआधी ते आवरणाला वीतभर खिडकी पाडत, आत हात घालून चाचपत आणि मगच करवत लावत. तरुणपणी कागदावर विसंबून त्यांच्या तेव्हाच्या जोडीदाराने एक डोळा गमावला होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, मिस्त्री तर पाणीही फुंकून पीत. एका खिडकीला अर्धा तास लागे. साहेबांना तो अर्धा तास खुपायला लागला आणि म्हाताऱ्याला समजवायची कामगिरी त्यांनी सूनबाईच्या गळ्यात घातली. तिने महिनाभर जेवताना त्यांचं डोकं खाल्लं. “बाबा, मॉडेलमध्ये सगळं आहे. जे त्यात नाही ते खालीही नाही.” नवरा वैतागून म्हणायचा, “तुम्ही दोघं निदान घास गिळेपर्यंत तरी नळ्या बंद ठेवा.” शेवटी परवा म्हातारा नमला. “बरं बाई. डोळे मिटून विश्वास ठेवतो तुझ्या चित्रावर.” केवढी फुशारली होती ती तेव्हा! आता तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटत होती.

काम साडेदहाला सुरू होणार होतं. घड्याळात दहा पस्तीस झाले होते.

तिने कंट्रोल रूमला फोन लावला. तिथला ऑपरेटर सावकाश बोलणारा माणूस होता.

“मिस्त्री ना? ते मघाशीच आत गेले.”

“त्यांना थांबवा! नकाशा चुकलाय!”

“मोबाइल तर बाहेर ठेवलेत. अमोनियाच्या भागात नेत नाहीत ना आत.”

“मग माणूस पाठवा कुणीतरी.”

“मी एकटाच आहे इथे. मीटर सोडून उठू का?”

“भोंगा वाजवा मग!”

“भोंगा म्हणजे सगळा कारखाना बाहेर येणार. साहेबांना विचारावं लागेल. ते मीटिंगमध्ये आहेत.”

तिने रिसीव्हर आपटला. शेजारच्या टेबलावरच्या चष्म्याने मान वर केली. त्याला सगळे चष्माच म्हणत, त्याची बायकोसुद्धा. “काय झालं गं?”

“नळी लपवलेलीच राहिली. बाबा कापतायत,” एवढं सांगून ती पळत सुटली.

दोन जिने, मग उघडं आवार, मग शीतगृहाचं फाटक. आवारात एक चप्पल निघाली. दुसरी तिने स्वतःच भिरकावली. फाटकावरचा पहारेकरी हात आडवा करून उभा.

“ताई, हेल्मेट कुठंय? आणि पायात बूट...”

तिने त्याच्याच डोक्यावरचं हेल्मेट काढलं, स्वतःच्या डोक्यावर घातलं आणि त्याच्या हाताखालून आत शिरली. नोकरीच्या वीस वर्षांत पहारेकऱ्यावर अशी वेळ आली नव्हती. तो नुसताच डोकं चाचपत राहिला.

आत शिरताच तिला करवत ऐकू आली. आवरणातून जाताना करवत खरखरते आणि लोखंडाला लागली की किंचाळते, हे सासऱ्यांनीच तिला कधीतरी सांगितलं होतं. आता ती किंचाळत होती.

“बाबा! बाबा, थांबा!”

मिस्त्रींची तिच्याकडे पाठ होती, कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या होत्या. त्यांचा जोडीदार पलीकडून नळी धरून खाली वाकलेला. ओरडून घसा फाटला असता तरी त्यांना ऐकू गेलं नसतं, आणि करवत चालवणाऱ्याला मागून धरायचं म्हणजे हात त्याचाही जाणार. इथे ठिणगी नको म्हणून करवत विजेवर नाही, हवेवर चालायची. हवेचा कॉक कुठे? खांबाच्या उजव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर. मॉडेलमध्ये तिथेच होता. देवा, एवढं तरी खरं निघू दे! ती खांबाला वळसा घालून धावली. कॉक तिथेच होता. तिने दोन्ही हातांनी तो फिरवला.

करवत थांबली.

“कोण आहे रे तो शहाणा?” मिस्त्री कानांवरच्या टोप्या ओढून काढत, गरजत मागे वळले, आणि तिला पाहून त्यांचा चेहराच उतरला. “सूनबाई? घरी काही झालं का? पोर बरी आहे ना?”

“सगळे बरे आहेत. बाबा, इथे दोन नळ्या आहेत. मागे अमोनिया आहे. मी लपवली होती. परत आणायची राहिली.”

जोडीदाराने पत्रा उचकटला, आवरण ओरबाडून काढलं आणि बॅटरी मारली. जाड नळी आरपार कापली गेली होती. मागच्या बारीक नळीवर एक चकचकीत चरा उमटला होता, नखभर लांब.

“अजून एक मिनिट लागलं असतं,” जोडीदार म्हणाला. “फार तर दोन.”

मिस्त्री पालथ्या घातलेल्या खोक्यावर बसले.  लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण काम अर्धं टाकून बसलेलं तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातला नकाशा काढून गुडघ्यावर पसरला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “अजून काय काय लपवलंयत?”

“माझं एवढंच होतं, बाबा. शपथ.”

“तुझं नाही विचारत. तुम्ही सहा जण आहात त्या खोलीत. आज चार टोळ्या कापतायत, अकरा माणसं. त्यांचेही नकाशे वरूनच आलेत ना?”

 ती अनवाणीच फाटकाकडे धावली आणि पहारेकऱ्याच्या फोनवरून चष्म्याला गाठलं.

“‘सगळं दाखवा’ दाब.”

“अगं, पण सगळ्यांची कामं विस्कटतील.”

“दाब म्हणते ना!”

पलीकडे बटण दाबल्याचा आवाज आला. मग तो तोंडातल्या तोंडात मोजू लागला.

“चष्म्या, बोल की.”

“ऐंशीच्या वर दिसतायत गं,” तो पुटपुटला. “खोलीत चिठ्ठ्या तर नऊच आहेत.”

तिने फोन तोडला आणि कंट्रोल रूमचा नंबर फिरवला. “भोंगा वाजवा.”

“साहेबांची परवानगी...”

“माझं नाव लिहा. नकाशा माझा, चूक माझी, भोंगाही मीच वाजवायला सांगितला. वाजवता की मी येऊ तिथे?”

भोंगा वाजला.

आवारात माणसं जमू लागली, कुणी हात पुसत, कुणी साहेबांच्या नावाने बोटं मोडत. साहेबही मीटिंगमधून तणतणत आले. “कोणी वाजवला? दिवसाचं काम बुडालं! कोणाच्या परवानगीने?”

“मी,” ती म्हणाली. “परवानगी नव्हती.”

“नोकरी नकोशी झाली का?”

तिने सासऱ्यांकडे पाहिलं.  ते बोटांवर माणसं मोजत होते. तीही मोजू लागली. शीतगृहाचे दोन, पंपांकडचे तीन, टाक्यांवरचे तीन. बॉयलरकडचे दोन.

“तिसरा कुठे आहे?” मिस्त्रींनी विचारलं.

बॉयलरवाल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “तो मागे शिडीवर होता. कानाला टोप्या आहेत त्याच्या. आम्हाला वाटलं, ऐकलं असेल.”

तेवढ्यात वरची खिडकी उघडली आणि चष्मा अर्धा बाहेर वाकून ओरडला, “बॉयलरमागे! बॉयलरमागे वाफेची नळी आहे! नकाशात नाही!”

 दोघे जण बॉयलरकडे पळाले. तीही दोन पावलं निघाली आणि थबकली. तो माणूस कोण होता, कसा होता, तिला काहीच माहीत नव्हतं. त्याच्याही घरी कुणीतरी असणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.  सगळ्यांचे डोळे बॉयलरच्या दाराकडे लागले होते.

दार उघडलं. पुढे ते दोघे आणि त्यांच्यामागे एक बुटका, टकला माणूस, कानांवरच्या टोप्या गळ्यात ओढत.

“काय झालं? कशाला ओढून आणलंत?” तो चिडून विचारत होता. “बसवतानाच ब्लेड मोडलं. अर्धा तास झाला, नवं सापडत नाहीये. अजून सुरुवातसुद्धा नाही माझी.”

ती त्याच्यापर्यंत कशी पोचली हे तिचं तिलाच कळलं नाही. तिने त्याचा दंड घट्ट धरला आणि सगळ्या कारखान्यासमोर हमसून हमसून रडू लागली.

“अहो ताई,” तो घाबरून म्हणाला, “मी काहीच केलं नाही हो.”